सावे आधी, की साळशी?

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता बांबवडे आणि मलकापूर ही गावे मागे टाकून आंबा घाटाशी पोहोचतो. सह्याद्रीच्या उतारावर वसलेला, मुसळधार पावसाचा आणि दुर्गम वाड्यावस्त्यांचा हा शाहूवाडी तालुका. या तालुक्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेत संगणकाचा तास चालू आहे, अशी कल्पना करावी. शिक्षकांनी फळ्यावर आठ गावांची नावे लिहिली आहेत: मलकापूर, साळशी, आंबा, सुपात्रे, बांबवडे, सावे, भेडसगाव, सरूड. खाली प्रश्न आहे: ‘ही नावे वर्णानुक्रमे लावणारी आज्ञावली लिहा.’ प्रश्न एका ओळीचा, भाषा सोपी आणि नावे मुलांच्या ओळखीची. यात अडखळण्यासारखे काही असेल असे कोणालाही वाटणार नाही.

परंतु उत्तरे तपासायला घेतली की दोन वेगळ्या याद्या हाती येतात. आंब्यापासून सरूडपर्यंतची पाच नावे दोन्ही याद्यांत सारखीच आहेत आणि सुपात्रे दोन्हींत शेवटी आहे. मतभेद मधल्या दोन नावांचा. ज्या मुलाने प्रथम वहीत हाताने यादी केली आणि मग आज्ञावली त्याप्रमाणे बसवली, त्याच्या यादीत सावे आधी आणि साळशी नंतर आहे. ज्याने सगळे काम यंत्रावर सोपवले, त्याच्या यादीत साळशी आधी आली आहे. पहिला म्हणतो, ‘ळ ह नंतर येतो, हे आम्ही पहिलीत शिकलो.’ दुसरा म्हणतो, ‘यंत्र चुकत नाही.’ शिक्षकांपाशी जे छापील उत्तर असेल त्याप्रमाणे एकाला गुण मिळतील आणि दुसऱ्याला शून्य. वास्तविक दोघांचेही उत्तर आपापल्या नियमाने बरोबर आहे. चूक असलीच तर ती प्रश्नाची आहे. ‘वर्णानुक्रमे’ हा एकच शब्द लिहून प्रश्न पूर्ण झाला, असे प्रश्नकर्त्याने गृहीत धरले होते.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल. दोन गावांची अदलाबदल झाल्याने जगबुडी होत नाही, हे खरे. परंतु शाळेतला हजेरीपट, कचेरीतली ज्येष्ठता यादी, ग्रंथालयातली तालिका आणि निवडणुकीतली उमेदवारांची यादी या सर्वांचा पाया हाच एक शब्द आहे. तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय, याची एकदा विचारपूस करणे अगत्याचे आहे.

वर्णमाला आणि अनुक्रम

आपल्या वर्णमालेचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ अशा उच्चारस्थानांप्रमाणे तिची मांडणी झाली आहे. रोमन लिपीत ए नंतर बी का, याला इतिहासाखेरीज उत्तर नाही. क नंतर ख का, याला शास्त्राचे उत्तर आहे. या शास्त्रशुद्धतेमुळेच एक गैरसमज मात्र बळावला आहे. वर्णांची मांडणी निसर्गानेच ठरवलेली आहे, तेव्हा शब्दांचा क्रमही आपोआप ठरतो, असे आपण मानतो.

इतिहास याला दुजोरा देत नाही. पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभी येणाऱ्या चौदा माहेश्वर सूत्रांत तेच वर्ण निराळ्या क्रमाने मांडलेले आहेत. त्यांत ह हा वर्ण दोनदा येतो आणि य, र, ल, व हे क-वर्गाच्या कितीतरी आधी येतात. व्याकरणकाराला जे गट हवे होते, त्यांच्या सोयीने ही मांडणी झाली. कोशांचीही तीच गोष्ट. अमरकोश विषयवार आहे. मेदिनीकोशात शब्द लावले आहेत ते त्यांच्या अंत्य व्यंजनावरून. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाची रचनाही दहा वर्गांची, म्हणजे विषयाप्रमाणेच आहे. शब्दाचे पहिले अक्षर पाहून तो शोधण्याची सवय आपल्याकडे रुजली ती मुख्यतः छापील कोशांच्या काळात. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली.

जुन्या कारकुनी मराठीत अशा यादीला ‘अकारविल्हे यादी’ म्हणत. हा शब्द फार बोलका आहे. विल्हे लावणे म्हणजे व्यवस्था लावणे आणि व्यवस्था कोणीतरी लावावी लागते, ती आपोआप लागत नाही. वर्णमाला ही वर्णांची रांग आहे. शब्दांची रांग लावायची तर त्या रांगेखेरीज आणखी काही नियम लागतात आणि ते नियम वर्णमालेच्या तक्त्यावर छापलेले नसतात.

ळ, अनुस्वार आणि क्ष–ज्ञ

यांतला पहिला प्रश्न ळ चा. शाळेतल्या मराठी तक्त्यावर तो ह च्या नंतर आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला निश्चित केली, तिच्यातही ३४ व्यंजनांत शेवटचे स्थान ळ लाच आहे. मराठीत कोणताही शब्द ळ ने सुरू होत नाही. त्यामुळे कोशात ळ चे स्वतंत्र प्रकरण नसते आणि त्याच्या जागेचा वाद सहसा डोळ्यांपुढे येत नाही. तो यादीच्या पोटात दडून बसतो. सावे आणि साळशी शेजारी आली म्हणजेच तो प्रकट होतो.

दुसरा प्रश्न अनुस्वाराचा आहे आणि तो ळ पेक्षा अधिक अवघड आहे. कोल्हापूर जिल्ह्यातली पाच नावे घेऊ: कणेरी, करवीर, कागल, कौलव आणि कंदलगाव. यांत कंदलगाव कुठे बसवायचे? अनुस्वार सर्व व्यंजनांच्या आधी धरला, तर ते यादीत पहिले येते. अनुस्वार म्हणजे पुढील व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक असे मानले, तर कंदलगाव हे ‘कन्दलगाव’ होते. ण नंतर न, त्यामुळे ते कणेरीनंतर आणि करवीरच्या आधी, म्हणजे दुसरे येते. ज्या मुलाला ‘क, का, कि, की’पासून ‘कौ, कं, कः’पर्यंत बाराखडी पाठ आहे, तो मात्र कं ला कौ च्या मागे बसवील आणि कंदलगाव थेट पाचव्या, शेवटच्या जागी जाईल. नाव एक, गाव एक आणि जागा तीन. यांतला कोणताही नियम मूर्खपणाचा नाही. मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशात स्पर्शव्यंजनापूर्वीचा अनुस्वार वर्गातल्या अनुनासिकाप्रमाणे मोजला आहे. मराठी विश्वकोशाने दुसरी वाट धरली. १९७६ साली निघालेला त्याचा पहिला खंड ‘अंक’ या नोंदीने सुरू होतो. ‘अकबर’ त्यानंतर येतो. वर्गीय अनुनासिकाचा नियम धरला असता, तर क हा ङ च्या आधीचा म्हणून अकबर आधी आला असता.

तिसरा प्रश्न क्ष आणि ज्ञ यांचा. हे मूळचे जोडाक्षर, हे सर्वांना ठाऊक आहे. क आणि ष मिळून क्ष, ज आणि ञ मिळून ज्ञ. तरीही मुलांच्या अंकलिपीत त्यांना शेवटी स्वतंत्र चौकट असते आणि २००९ च्या शासन निर्णयातही ‘विशेष संयुक्त व्यंजने’ म्हणून त्यांची वेगळी नोंद आहे. एखाद्या वर्गात केशव, कौस्तुभ, खंडेराव, हणमंत आणि क्षितिजा अशी मुले असली, तर क्षितिजाचा हजेरी क्रमांक काय? क्ष ला जोडाक्षर मानले, तर ती कौस्तुभनंतर आणि खंडेरावच्या आधी येते. स्वतंत्र अक्षर मानले, तर ती हणमंताच्याही मागे, शेवटी जाते. ज्या मुलीचे नाव हजेरीत सर्वांत शेवटी पुकारले जाते, तिला विचारावे, हा प्रश्न क्षुल्लक आहे का! विश्वकोशाने इथेही एक बाजू घेतली आहे. त्याची अखेरची नोंद ‘ज्ञेयवाद’ आहे.

शब्दाच्या मध्ये क्ष आला म्हणजे गुंता आणखी वाढतो. लक्ष्मण आणि लता यांत आधी कोण? क्ष ला क चे जोडाक्षर मानले, तर लक्ष्मण. क्ष वर्णमालेच्या शेवटी धरला, तर लता. आरंभीच्या क्ष ला एक न्याय आणि मधल्या क्ष ला दुसरा, असे करणारेही अनेक आहेत आणि आपण तसे करतो आहोत याची त्यांना जाणीवही नसते.

चौथी गोष्ट इंग्रजीतून आलेल्या शब्दांच्या स्वरांची. ॲ आणि ऑ हे दोन स्वर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत अधिकृतपणे आले आणि स्वरांची संख्या १४ झाली. त्याआधीच्या कित्येक कोशांत आणि याद्यांत त्यांना निश्चित जागा नव्हती. ‘ॲडव्होकेट’ हा शब्द अ मध्ये शोधायचा की ए मध्ये, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाने दिले.

यंत्राचा क्रम

माणसाच्या मनात असे चार संशय असताना संगणक मात्र क्षणार्धात यादी लावून देतो. मग त्याने कोणता नियम पाळला? उत्तर असे की, त्याला वेगळे काही सांगितले नाही, तर तो भाषेचा कोणताही नियम पाळत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर म्हणजे एक संकेतांक आहे आणि लहान अंक आधी, मोठा अंक नंतर, एवढेच त्याला कळते. ‘यंत्र चुकत नाही’ हे त्या विद्यार्थ्याचे म्हणणे या अर्थी खरे आहे. पण यंत्राने जे अचूक केले, ते अंकांची तुलना करण्याचे काम होते. वर्णानुक्रम लावण्याचे काम त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

हे अंक ठरले कसे, याचीही हकिकत आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचा संकेत तयार झाला, तेव्हा सर्व लिप्यांना एकच आराखडा वापरण्याचे धोरण होते. एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत सहज उतरवता यावा, हा त्यामागचा हेतू. या आराखड्यात ळ ला ल च्या शेजारी आणि ऱ ला र च्या शेजारी जागा मिळाली. पुढे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेताने देवनागरीसाठी १९८८ च्या इस्कीचाच आधार घेतला. परिणामी आज ल चा अंक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१ आहे. साळशी सावेच्या आधी का आली, याचे सगळे रहस्य या चार अंकांत आहे. यात मराठीवर अन्याय करण्याचा कोणाचा उद्देश नव्हता. अंक देणे हे एक काम आणि क्रम लावणे हे दुसरे, असे युनिकोडचेही म्हणणे आहे.

ॲ ची गत तर अधिक विचित्र झाली. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर स्वरांच्या जागा भरून गेल्या होत्या, त्यामुळे त्याला २४१८ हा अंक देण्यात आला. ह च्याही पुढे, देवनागरी आकड्यांच्याही पुढे! साहजिकच निव्वळ अंकांवर विसंबणाऱ्या यादीत ‘ॲडव्होकेट’ हा शब्द ‘हॉटेल’च्याही नंतर येतो. तेच अक्षर काही जण अ वर चंद्र देऊन दोन अंकांनी लिहितात. तो शब्द मग अ मध्येच राहतो. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द आहेत. कऱ्हाड या गावाच्या नावातला ऱ्ह असाच दोन प्रकारे टंकित करता येतो. शोधायला बसलेल्या लिपिकाला यादीत एक कऱ्हाड सापडते, दुसरे सापडत नाही आणि दोष कोणाचा हे त्याला उमगत नाही.

यंत्राचा हा स्वभाव केवळ देवनागरीपुरता आहे असेही नाही. रोमन लिपीत मोठ्या अक्षरांचे अंक ६५ ते ९० आणि छोट्या अक्षरांचे ९७ ते १२२ आहेत. त्यामुळे मोठ्या झेडने सुरू होणारा शब्द छोट्या ए ने सुरू होणाऱ्या शब्दाच्या आधी येतो. आकडे अक्षरांप्रमाणे लावले, तर १० हा २ च्या आधी येतो, कारण पहिला अंक १ आहे. मोकळी जागा आणि टिंब यांनाही अंक आहेतच. शाहूवाडी तालुक्यात शित्तूर तर्फ मलकापूर आणि शित्तूर तर्फ वारुण अशी दोन गावे आहेत. दोन्ही नावे पूर्ण लिहिली, तर मलकापूर तर्फेचे शित्तूर आधी येते. एका कारकुनाने घाईत ‘शित्तूर त. वारुण’ असे लिहिले, तर टिंबाचा अंक लहान म्हणून वारुणचे शित्तूर आधी जाते. एका टिंबाने गावांची जागा बदलली!

उपाय नाही असे नाही. युनिकोड संघानेच भाषावार क्रमनियम उपलब्ध करून दिले आहेत आणि त्यांत मराठीसाठी ळ ची जागा ह च्या नंतर आहे. पण हा नियम आज्ञावली लिहिणाऱ्याने मागावा लागतो. ज्याला असा नियम असतो हेच ठाऊक नाही, तो तो मागणार कसा?

दोन लिप्या, दोन याद्या

कचेऱ्यांत आणखी एक घोटाळा नित्य घडतो. माहिती रोमन लिपीत भरली जाते, क्रम तिथेच लागतो आणि छापताना नावे मराठीत येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांची मराठी यादी अशी होईल: आजरा, करवीर, कागल, गगनबावडा, गडहिंग्लज, चंदगड, पन्हाळा, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, शिरोळ, हातकणंगले. हीच नावे इंग्रजी क्रमाने लावली, तर आजऱ्यानंतर लगेच भुदरगड येते, हातकणंगले शेवटच्या जागेवरून सहाव्या जागी येते, करवीर दुसऱ्यावरून आठव्या जागी जाते. गगनबावडा आणि गडहिंग्लज, करवीर आणि कागल या जोड्या उलट होतात. शाहूवाडी दहावीची अकरावी होते. अशी इंग्रजी क्रमाची यादी मराठीत छापून भिंतीवर लावली, तर वाचणाऱ्याला ती नुसतीच विस्कटलेली वाटते. आडनावांचेही तसेच. मराठीत श हा स च्या आधी, म्हणून शिंदे आधी आणि सावंत नंतर. इंग्रजीत सावंतांचे दुसरे अक्षर ए आणि शिंद्यांचे एच, म्हणून सावंत आधी. मुलाखतीसाठी कोण सकाळी बोलावला जाईल आणि कोण संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहील, हे लिपीने ठरवलेले असते.

ही अडचण कायद्याने ओळखली आहे, ही समाधानाची बाब आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची यादी वर्णानुक्रमे असावी लागते. १९९६ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, नोंदणीकृत पक्षांचे उमेदवार आणि इतर उमेदवार असे तीन गट करून प्रत्येक गटात हा क्रम लावतात. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांनी एक पाऊल पुढे टाकले. यादी एकाहून अधिक भाषांत काढायची असेल, तर त्यांपैकी कोणत्या भाषेच्या लिपीप्रमाणे क्रम लावायचा, हे निवडणूक आयोग सांगेल, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ‘वर्णानुक्रम’ म्हटले की काम भागत नाही, ‘कोणत्या लिपीचा वर्णानुक्रम’ हेही सांगावे लागते, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले होते. शाहूवाडी विधानसभा मतदारसंघातल्या मतदारापुढील यंत्रावर कोणाचे नाव कुठे असेल, हे अशा नियमावर अवलंबून असते. मग विद्यार्थ्यापुढील प्रश्नपत्रिकेने तेवढीच काळजी का घेऊ नये?

जगाचा अनुभव

ही अडचण एकट्या मराठीची नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. जर्मन भाषेत टिंबे दिलेल्या ए ला शब्दकोशात साध्या ए प्रमाणे लावतात. व्यक्तींच्या नावांच्या यादीत मात्र त्याला ए आणि ई अशी दोन अक्षरे मानण्याची पद्धत आहे. एकाच देशात दोन क्रम नांदतात, पण त्यावर भांडण होत नाही, कारण दोन्ही पद्धती तिथल्या राष्ट्रीय मानकात लिहून ठेवल्या आहेत. स्पॅनिश भाषेत सीएच आणि दुहेरी एल या जोड्या शतकभराहून अधिक काळ स्वतंत्र अक्षरे मानल्या जात आणि कोशात त्यांची वेगळी प्रकरणे असत. १९९४ साली स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी ठराव करून क्रम लावण्यापुरते त्यांचे हे स्वातंत्र्य काढून घेतले. आपल्या क्ष आणि ज्ञ यांची ती जणू सख्खी भावंडे. तिथे निर्णय एका बाजूने झाला, इथे दुसऱ्या बाजूने होऊ शकतो. पण निर्णय व्हावा लागतो.

ग्रंथपालांनी हा काच फार पूर्वीपासून सोसला आहे. अमेरिकेतील ग्रंथालय संघाच्या १९६८ च्या नियमांत ‘मॅक्’ने सुरू होणारी आडनावे, ती कशीही लिहिलेली असोत, एकत्र लावावीत असे होते. १९८० च्या नियमांनी जसे लिहिले तसे लावावे, असे ठरवले. आता ‘मॅक्’ची नावे दोन ठिकाणी विभागली गेली, पण पडताळण्याजोगा नियम मिळाला. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेचा तिसरा खंड १९७३ साली निघाला. तो क्रम लावणे आणि शोधणे याच विषयाला वाहिलेला आहे. ग्रंथालयातली पत्रे यंत्राकडून नीट लावून घ्यायची तर किती नियम सांगावे लागतात, यावर त्यांनी त्यात स्वाध्याय दिला आहे. यादी लावण्याच्या युक्त्या तर पाठ्यपुस्तकांत सर्वत्र शिकवल्या जातात. दोन नावांपैकी आधीचे कोणते हे ठरवणे हा त्या युक्त्यांच्याही आधीचा प्रश्न आहे आणि विद्यार्थ्याने तो विचारायला शिकणे हे त्याच्या शिक्षणाचे मोठे फळ आहे.

प्रश्न पूर्ण लिहावा

तेव्हा करायचे काय? मराठीने यंत्राच्या सोयीसाठी आपला क्रम सोडावा, असे कोणी सुचवील तर ते मान्य करण्याचे कारण नाही. ळ ला ह च्या नंतर बसवणे यंत्राला एका ओळीच्या सूचनेने जमते. आपल्या बाजूने मात्र तो क्रम पुरतेपणी सांगण्याची जबाबदारी आहे. विश्वकोशाच्या वीस खंडांनी जी वाट चोखाळली, ती शाळा-कचेऱ्यांनीही धरण्यात शहाणपण आहे. अनुस्वार सर्व व्यंजनांच्या आधी घ्यावा, कारण मग पुढील व्यंजन कोणत्या वर्गातले याचा विचार न करता नुसत्या नजरेने शब्द सापडतो. ळ ह च्या नंतर असावा. क्ष आणि ज्ञ शेवटी असावेत आणि शब्दाच्या आरंभी काय किंवा मध्ये काय, त्यांना एकच न्याय असावा. ॲ ला ए च्या शेजारी जागा द्यावी आणि तो एकाच रीतीने टंकित करावा. याहून वेगळी पद्धत कोणी पसंत केली, तरी हरकत नाही, ती आधी सांगितली म्हणजे झाले.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकाला याचा अर्थ एवढाच की, प्रश्नाखाली चार ओळी अधिक लिहाव्यात. ळ, अनुस्वार, क्ष, ज्ञ यांचे स्थान सांगावे. आडनाव आधी की नाव आधी, मोकळी जागा आणि टिंब धरायचे की सोडायचे, आकडे आले तर ते संख्या म्हणून की अक्षरे म्हणून मोजायचे आणि दोन नावे अगदी सारखी असली तर काय करायचे, हेही सांगावे. आणि या सर्व अडचणी ज्यात येतात अशी एक नमुन्याची यादी तिच्या उत्तरासह द्यावी. एवढे करणे झाले नसेल, तर ज्या विद्यार्थ्याने आपला नियम स्पष्ट लिहिला आणि तो शेवटपर्यंत पाळला, त्याचे उत्तर बरोबर धरावे. आज पुष्कळ ठिकाणी उत्तरे तपासण्याचे कामही यंत्रच करते. ते एका अक्षराच्या फरकाने शून्य देते आणि त्याच्यापाशी दाद मागता येत नाही. म्हणूनच ही काळजी आता पूर्वीपेक्षा अधिक घ्यायला हवी.

कचेरीतल्या लिपिकासाठीही काम फार नाही. प्रत्येक यादीखाली ‘मराठी वर्णानुक्रमे, आडनावाप्रमाणे’ अशी एक ओळ टाकली आणि ती यादी खरोखर तशी आहे ना हे पाहिले, तरी ती पाहायला आलेल्या माणसाचा निम्मा त्रास वाचेल.

शाहूवाडीच्या त्या वर्गात पहिल्या मुलाला शून्य मिळाले, तर त्याचे दोन गुण जातील, ही गोष्ट सोडून देता येईल. पण पहिलीपासून पाठ केलेली, तक्त्यावर पाहिलेली आणि शासनाने मान्य केलेली आपली वर्णमालाच चुकीची आणि यंत्राची खरी, असे त्याच्या मनाने घेतले, तर ती हानी भरून निघणारी नाही. दुसऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळाले आणि यंत्राने नेमके काय केले हे त्याला कधीच कळले नाही, तर त्याचीही हानी तेवढीच आहे. शिक्षकांनी दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि वर्गालाच विचारावे, ‘सावे आधी, की साळशी? आणि हे ठरवले कोणी?’ त्या तासाला मुले जे शिकतील, ते आज्ञावली लिहिण्याच्या पुष्कळ पुढचे असेल.